अंबारीतला हेर

गेल्या काही वर्षांत सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांत आणि संगीतसभांच्या कार्यक्रमपत्रिकांत एक नवा शिष्टाचार रूढ झाला आहे. गुप्तहेरांच्या परदेशी चित्रपटांतील ज्या शीर्षकधुना एके काळी घरातील वडील मंडळी "हा कसला धांगडधिंगा!" म्हणून बंद करावयास लावीत, त्याच आता ऐंशी-नव्वद वादकांच्या भव्य वाद्यवृंदाने वाजविलेल्या स्वरूपात सहकुटुंब ऐकल्या जातात, आणि ऐकताना माना अशा गांभीर्याने डोलतात की, जणू बेथोव्हेनचीच एखादी रचना चालू आहे. एका स्नेह्यांच्या घरी हा लाभ आम्हांसही नुकताच घडला. वादन संपताच यजमान समाधानाने म्हणाले, "आता कोठे या चालीला योग्य ती प्रतिष्ठा मिळाली." पाहुण्याने यजमानाच्या आवडीवर टीका करू नये, हा संकेत पाळून आम्ही चहाचा पेला तोंडाला लावला. परंतु लेखणीला तो संकेत लागू नाही. जे तेथे बोललो नाही ते येथे सांगतो. या चालीची प्रतिष्ठा वाढलेली नाही, तिचा प्राण गेला आहे. आणि ज्या गोष्टीला आपण प्रतिष्ठा म्हणत आहो ती केवळ व्हायोलिनांची संख्या आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. चित्रपटसंगीत हलके म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही बसत नाही. तसेच एकाने वाजविलेली चाल दुसऱ्याने वाजवूच नये, असेही आमचे म्हणणे नाही. तसे म्हणण्याचा अधिकार मराठी माणसाला तर मुळीच नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातील पदे लोकांच्या कानांवरून आधीच गेलेल्या चालींवर बांधली होती. भास्करबुवा बखल्यांनी १९१६ साली 'स्वयंवरा'च्या पदांसाठी ख्यालांच्या बंदिशींचा आधार घेतला, आणि ती पदे बालगंधर्वांच्या गळ्यातून निघाल्यावर त्यांचे कुळ विचारण्याची कोणास आठवणही राहिली नाही. आमचे सारे रागसंगीतच पुनर्गायनावर उभे आहे. एकच बंदिश शंभर गवई गातात आणि शंभरदा ती नवी होते. तेव्हा प्रश्न 'पुन्हा का वाजविली' हा नसून 'पुन्हा वाजविताना तिचे काय केले' हा आहे. चांगला गवई बंदिश घेतो तेव्हा तिच्यात आपले काही घालतो. ज्या वादनांविरुद्ध आमची तक्रार आहे ती चालीत आपले काहीच घालीत नाहीत. तिचे जे असते ते काढून घेतात आणि त्या जागी नुसता आकार भरतात.

उदाहरणादाखल सर्वांत प्रसिद्ध चालच घेऊ. १९६२ साली 'डॉक्टर नो' या चित्रपटातून जेम्स बाँड पडद्यावर आला. त्याची चाल माँटी नॉर्मन यांची. तिचा वाद्यमेळ बांधला जॉन बॅरी यांनी. आणि तिची गिटार वाजविली व्हिक फ्लिक यांनी. पाच सॅक्सोफोन, नऊ पितळी वाद्ये, तालाची वाद्ये आणि एक विजेची गिटार, एवढाच काय तो संसार. आरंभी चार स्वर सरपटत येतात: पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, पुन्हा कोमल धैवत. अर्ध्या-अर्ध्या स्वराने होणारी ही वर-खाली हालचाल म्हणजे भिंतीला पाठ लावून सरकणाऱ्या माणसाची हालचाल आहे. तिच्यावर गिटारच्या खर्जातल्या तारा कोरड्या, ठसठशीत आघातांनी बोलू लागतात. मग एकाएकी पितळी वाद्ये कडाडतात. आणि सरतेशेवटी कोमल गंधाराशेजारी शुद्ध निषाद ठेवणारा एक स्वरसंघ उमटून सारे अधांतरी लटकत राहते. समेवर विसावल्याचे समाधान ही चाल आपल्याला देतच नाही. कोणी विचारील की, बाँड हा मोठा बडेजावाचा हेर. तो जाईल तेथे आपले नाव सांगत सुटतो. मग त्याच्या संगीतानेच का लाजावे? त्यास आमचे उत्तर असे की, ती पितळी गर्जना अंगावर येते ती आधीच्या सरपटण्यामुळे. दबा धरून बसलेल्या वाघाची उडी भयंकर असते. सर्कशीतल्या वाघाची उडी करमणुकीची असते.

या चालीचा पूर्वजन्म आमच्या वाचकांस विशेष कौतुकाचा वाटेल. व्ही. एस. नायपॉल यांची 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' ही कादंबरी १९६१ साली प्रसिद्ध झाली. ऊसमळ्यांच्या मजुरीसाठी त्रिनिदाद बेटावर गेलेल्या हिंदी लोकांच्या वंशजांची ती कथा आहे. तिच्यावर एक संगीत नाटक रचण्याचा घाट घालण्यात आला होता. ते रंगभूमीपर्यंत पोहोचले नाही; पण नॉर्मन यांनी त्यासाठी अपशकुनी शिंकेविषयीचे एक गाणे बांधले होते. बाँडच्या चालीचे बीज त्या गाण्यात आहे, असे स्वतः नॉर्मन सांगत, आणि पुढे २००५ साली त्यांनी ते गाणे ध्वनिमुद्रित करून लोकांपुढे ठेवलेही. म्हणजे सारे जग ज्या चालीला इंग्रज हेराची म्हणून ओळखते, ती मुळात एका हिंदी माणसाच्या शिंकेची! नॉर्मन यांनी ते स्वर नव्या कामासाठी उचलले, बॅरी यांनी त्यांना पितळाचे बळ दिले, फ्लिक यांनी त्यांना धार लावली, आणि शिंकेतून हेर जन्मास आला. जुन्यातून नवे करणे म्हणजे काय, याचा इतका चांगला वस्तुपाठ दुसरा क्वचितच सापडेल. आम्ही ज्या चालीची बाजू घेत आहो ती स्वतःच एक पुनर्रचना आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. किंबहुना आमचा सारा युक्तिवाद त्यावरच उभा आहे.

आता भव्य वाद्यवृंद या चालीचे काय करतो ते पाहा. गिटारचा कोरडा आघात तो व्हायोलिनांच्या गजांखाली देतो. गजाने ओढलेला स्वर लांबतो, ओला होतो, गुळगुळीत होतो. जेथे तार तुटक बोलत होती तेथे मखमल पसरते. चार सरपटते स्वर मोठ्या शिंगांच्या धीरगंभीर मुखांतून बाहेर पडतात, म्हणजे भिंतीच्या कडेने जाणारा माणूस राजरस्त्याच्या मधोमध चालू लागतो. झांजा झणाणतात, नगारे घुमतात, आणि शेवटचा तो अधांतरी स्वरसंघ एखाद्या राज्यारोहणाच्या समारोपाप्रमाणे छाती काढून उभा राहतो. आमच्या डोळ्यांपुढे चित्र येते ते असे: शत्रूच्या नगरात एक हेर शिरावयाचा आहे, आणि त्याला हत्तीवरच्या अंबारीत बसवून, पुढे चौघडा लावून, वेशीतून मिरवीत नेत आहेत. वेशीवरचे चौकीदार उठून मुजरा करीत आहेत. स्वारी मोठ्या थाटाची आहे, यात शंका नाही. फक्त कामगिरी फसली आहे.

तालाच्या बाबतीतही हाच प्रकार. अर्जेंटिनात जन्मलेले लालो शिफ्रिन यांनी १९६६ साली 'मिशन: इम्पॉसिबल' या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेसाठी रचलेली चाल पाच मात्रांची आहे. त्या पाचांच्या दहा अर्ध्या मात्रा मोजल्या तर तीन, तीन, दोन, दोन असे खंड पडतात. आमच्या झपतालातही दहाच मात्रा. पण तेथील खंड दोन, तीन, दोन, तीन असे. म्हणून झपतालावर पोसलेल्या कानाला ही चाल ओळखीची वाटते आणि तरीही पावलोपावली चकविते. दोन लांब आघात आणि दोन आखूड आघात. तारायंत्राच्या मॉर्स लिपीत हीच खूण 'एम' आणि 'आय' या अक्षरांची, म्हणजे मालिकेच्या आद्याक्षरांची आहे. मालिकेच्या आरंभी पडद्यावर पेटलेली वात सरसरत जाते, आणि एक पाऊल आखूड पडणाऱ्या या लयीमुळे ऐकणाराला वाटते की, ती आपल्याच दिशेने येत आहे. १९९६ साली त्याच नावाचा चित्रपट निघाला, तेव्हा 'यू टू' या वादकसंघातील अ‍ॅडम क्लेटन आणि लॅरी म्युलन या दोघांनी काढलेल्या आवृत्तीत पाचांच्या बहुतांशी चार मात्रा झाल्या. नाचणाऱ्या पायांना चारच सोयीच्या असतात. ती आवृत्ती भव्य वाद्यवृंदाची नव्हे. परंतु तिचा अपराध उघड तरी आहे. भव्य वाद्यवृंद अधिक सभ्यपणे तेच करतो. तो पाचही मात्रा शाबूत ठेवतो आणि त्यांतील खोडी तेवढी काढून घेतो. बोंगोवरील बोटांची चपळ टिचकी जाऊन तेथे मोठ्या नगाऱ्याचा घोष येतो, आणि पेटलेल्या वातीची समई होते.

हेरपटांच्या चांगल्या संगीतकारांनी थोडक्या साधनांचा मार्ग पत्करला तो हौसेने आणि विचारपूर्वक. १९६५ सालच्या 'द इपक्रेस फाइल'चे उदाहरण घ्या. त्यातील हॅरी पामर हा हेर चष्मा लावतो, आपला स्वयंपाक आपणच करतो, आणि शत्रूइतकाच कचेरीतल्या कागदांना कंटाळतो. बाँडला पितळी गर्जना देणाऱ्या त्याच बॅरी यांनी या पामरसाठी सिंबालोम हे वाद्य निवडले. सिंबालोम म्हणजे आमच्या संतुराची मध्य युरोपातील बहीण. तिच्या तारांवरील ठोक्यांनी लंडनच्या गल्लीत जो एकटेपणा आणि संशय उभा राहतो, तो शंभर व्हायोलिनांनी उभा राहणार नाही. कारण शंभर माणसे एकदम एकटी असू शकत नाहीत. त्याआधी १९४९ साली कॅरल रीड यांनी 'द थर्ड मॅन'साठी आंतोन कारास यांच्या एकट्या झिदरवर सबंध चित्रपट सोपविला होता. तो रूढ अर्थाने हेरपट नव्हे. पण चार सैन्यांनी वाटून घेतलेल्या व्हिएन्नातील लपंडावाचा तो चित्रपट आहे, आणि त्या लपंडावाला एक तंतुवाद्य पुरले. याहून मौजेचा दाखला आमच्याच देशातला आहे. १९८३ सालच्या 'ऑक्टोपसी' चित्रपटात बाँड उदयपुरास येतो, तेव्हा त्याचा हस्तक गारुड्याच्या वेषात घाटावर बसलेला असतो. ही भूमिका आमचे टेनिसपटू विजय अमृतराज यांनी केली आहे. खूण पटविण्यासाठी तो पुंगीवर बाँडचीच चाल वाजवितो. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध हेराची ओळख पटविण्यास एक पुंगी पुरते, हे चित्रपट काढणाऱ्यांस ठाऊक होते. आमच्या यजमानांस ते ठाऊक नसावे, याचे नवल वाटते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, स्वतः बॅरी यांनी पुढच्या चित्रपटांत मोठे वाद्यवृंद वापरले. मग इतरांनी वापरले तर बिघडले कोठे? आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष खोटा आहे. १९६४ सालच्या 'गोल्डफिंगर'मध्ये पितळी वाद्ये ओरडतात, कारण सोन्याच्या हव्यासाची ती कथा आहे आणि शर्ली बॅसी यांच्या आवाजाशी झुंजावयास पितळच हवे. १९६७ सालच्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'च्या आरंभी व्हायोलिने उतरत येतात, आणि ती काढून घेतली तर गाण्यात काही उरणार नाही. पण १९६९ साली 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'साठी याच माणसाने खालच्या अंगाला मूग यंत्राचा विजेचा स्वर घातला. प्रत्येक कामाला जे साधन हवे तेच त्याने वापरले. वैद्य कधी कधी सुवर्णभस्म देतो, म्हणून प्रत्येक रोग्याला सुवर्णभस्म चारणे हे वैद्यक नव्हे. संयमाचे मोल त्याच्या वारसालाही कळले होते. २००६ सालच्या 'कॅसिनो रॉयल'मध्ये संगीतकार डेव्हिड आर्नल्ड यांनी बाँडची सुप्रसिद्ध चाल सबंध चित्रपटभर राखून ठेवली. तिच्या नुसत्या सावल्या दाखविल्या, आणि नायक अखेरच्या प्रसंगी आपले नाव उच्चारतो तेव्हाच ती मोकळी सोडली. दोन तासांहून अधिक काळ एक चाल न वाजविण्यात जे सामर्थ्य आहे, ते ती दहा वेळा मोठ्याने वाजविण्यात नाही.

दुसरा आक्षेप दयाबुद्धीचा आहे. अशा वादनांमुळे चाली घरोघर स्वस्तात पोहोचतात, आणि वादकांच्या पोटाला मिळते. त्यांच्यावर कोरडे का ओढता? स्वस्ताईशी आमचे भांडण नाही. १९६५ साली इंग्लंडात इएमआय कंपनी आणि प्रकाशक पॉल हॅम्लिन यांनी 'म्युझिक फॉर प्लेझर' नावाने स्वस्त तबकड्यांचा व्यवसाय काढला, आणि त्यांवर जेफ लव्ह यांच्या वाद्यवृंदाने बाँडच्या चालीही वाजविल्या. हे लव्ह महाशय 'मॅन्युएल' या टोपणनावानेही तबकड्या काढीत. हेरांच्या चाली खऱ्या नावाने आणि इतर चाली खोट्या नावाने, ही मौज येथे नमूद करण्यासारखी आहे. पण त्या तबकडीवर वाजविणाराचे नाव ठळक असे. घेणारा जाणून घेत असे. आमचा राग आहे तो यापुढच्या पायरीवर. 'द मॅन फ्रॉम अंकल' ही हेरमालिका १९६४ साली सुरू झाली. तिची शीर्षकधून जेरी गोल्डस्मिथ यांची. मालिकेचे 'मूळ संगीत' अशा शब्दांनी मिरविणारी जी तबकडी बाजारात आली, तिच्यावर प्रत्यक्षात ह्यूगो माँटेनेग्रो यांच्या वाद्यवृंदाचे नवे वादन होते. मूळ ध्वनिमुद्रण तबकडीवर घालावयाचे तर वादकांना पुन्हा मानधन द्यावे लागे. नवे वादन करून घेणे स्वस्त पडे. व्यापाऱ्याचा हिशेब समजतो. पण 'मूळ' या शब्दाला काही अर्थ आहे की नाही? खरी मूळ ध्वनिमुद्रणे रसिकांच्या हाती पडावयास पुढचे शतक उजाडावे लागले.

हे पूर्वीचे झाले, असे म्हणून चालणार नाही. आज तबकडीची जागा भ्रमणध्वनीने घेतली आहे, आणि शोध घेणाराच्या पुढे एकाच चालीच्या पंचवीस आवृत्त्या एकाच नावाखाली ओळीने उभ्या राहतात. चित्रपटाचे नाव मोठ्या अक्षरांत. वाजविणाराचे बारीक अक्षरांत. वाद्यमेळ कोणी बांधला, मुख्य वाद्य कोणी वाजविले, याचा पुष्कळदा पत्ताच नाही. बारा वर्षांचा मुलगा पहिल्या ओळीला बोट लावतो आणि जे ऐकतो तेच मूळ समजतो. पुढे कधी खरे मूळ त्याच्या कानी पडले, तर ते त्याला तोकडे आणि दरिद्री वाटते. नकली नाणे खऱ्याला बाजारातून हाकलून देते, हा अर्थशास्त्राचा नियम आपण पाठ केला आहे. तो कानांनाही लागू पडतो. वादकांच्या पोटावर पाय द्यावा, असे आम्ही म्हणत नाही. ज्या वादकांनी ही चाल प्रथम जिवंत केली त्यांच्या नावावर पाय देऊ नये, इतकेच म्हणतो.

कारण येथे केवळ अभिरुचीचा नव्हे, न्यायाचाही प्रश्न आहे. बाँडची चाल वस्तुतः बॅरी यांची, असे लंडनच्या 'संडे टाइम्स'ने १९९७ साली सुचविले, तेव्हा नॉर्मन यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. २००१ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि त्यांना ३०,००० पौंड भरपाई मिळाली. बॅरी यांनी साक्षीत सांगितले की, आपण २५० पौंडांच्या ठोक रकमेवर ते काम केले आणि श्रेय नॉर्मन यांच्याकडे राहावे असे ठरले होते. न्यायालयाचा निर्णय आम्हांस शिरोधार्य आहे. चाल नॉर्मन यांचीच. परंतु चाल एकाची असली तरी तिचा देह दुसऱ्याने घडविलेला असतो आणि तिचा आवाज तिसऱ्याचा असतो, हे त्या खटल्याने जगापुढे आणले. भव्य वाद्यवृंदाच्या वेष्टनावर नॉर्मन यांचे नाव राहते. बॅरी यांचा वाद्यमेळ मोडला जातो आणि फ्लिक यांची गिटार गळते. म्हणजे ज्यांना मुळात कमी मिळाले, त्यांचे उरलेसुरलेही जाते. बॅरी २०११ साली, नॉर्मन २०२२ साली आणि फ्लिक २०२४ साली निवर्तले. आता त्यांच्या वतीने बोलणारे ते मूळ ध्वनिमुद्रण तेवढे उरले आहे.

या अन्यायाची चव मुंबईला नवी नाही. हिंदी चित्रपटांच्या सुवर्णकाळात सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या वादकांनी गाण्यांचे वाद्यमेळ लिहिले. गाणी आपण गुणगुणतो. त्यांच्या आरंभीचे आणि अंतऱ्यांमधले जे तुकडे गुणगुणतो ते या माणसांच्या लेखणीचे असतात, याची आपल्यापैकी किती जणांना जाणीव असते? त्यांच्या वाट्याला फार तर 'साहाय्यक' एवढी नोंद आली. गोन्साल्विस यांनी १९५८ साली हिंदी आणि पाश्चात्त्य संगीताचा मेळ घालणारा स्वतःचा वाद्यवृंद उभा केला होता. पण बहुतेकांना त्यांचे नाव ठाऊक आहे ते 'अमर अकबर अँथनी'तील एका विनोदी गाण्यामुळे! ज्या समाजाने आपल्या घरच्या वाद्यमेळकारांना असे विसरून टाकले, त्याने परक्या वाद्यमेळकारांचे काम पुसले जाताना टाळ्या वाजवाव्यात, यात विसंगती काहीच नाही. लाज मात्र आहे.

मग चांगले पुनर्वादन असते तरी कसे? त्याचे नमुने आहेत, आणि ते सांगितले नाहीत तर आमची टीका एकांगी ठरेल. १९६६ साली काउंट बेसी या अमेरिकन जाझ वादकाने 'बेसी मीट्स बाँड' ही तबकडी काढली. बेसी यांचे पियानोवादन कंजूषपणाबद्दल प्रसिद्ध. जेथे दुसरा वीस स्वर वाजवील तेथे ते दोन वाजवून थांबत. त्यांच्या हाती बाँड आला तो इंग्रज राहिला नाही, अमेरिकन झाला. पण जिवंत राहिला. १९९७ साली आर्नल्ड यांनी 'प्रोपेलरहेड्स' या जोडीसह १९६९ सालच्या त्या मूगच्या चालीची नऊ मिनिटांवर चालणारी नवी रचना केली. तीत नव्या पिढीचे ठोके आहेत, वाद्यवृंदही आहे, आणि जुन्या चालीचा धाकही आहे. त्यांचे काम पाहून खुद्द बॅरी यांनीच त्यांचे नाव बाँडपटांसाठी सुचविले. तिसरा नमुना सेवेचा. बॅरी यांचे वाद्यमेळ-साहाय्यक म्हणून काम केलेल्या निक रेन यांनी प्राग नगरीच्या वाद्यवृंदाकडून १९९३ साली बाँडपटांचे संगीत पुन्हा वाजवून घेतले. मूळ रचनेशी इमान राखून केलेले असे वादन म्हणजे जुन्या पोथीची शुद्ध नक्कल होय, आणि नक्कलकार आपले नाव नक्कलकार म्हणूनच लावतो. एकाने चालीत आपला स्वभाव घातला, दुसऱ्याने आपला काळ घातला, तिसऱ्याने आपला अहंकार बाजूस ठेवला. तिघांपैकी कोणीही 'तेच, पण मोठे' असे म्हटले नाही.

'तेच, पण मोठे' ही मागणी मुळात वाद्यवृंदांची नाहीच. ती आपली आहे. आम्हां शिकलेल्या मध्यमवर्गीयांना एखादी साधी गोष्ट आवडली तर ती आवडल्याचे कबूल करण्याचे धैर्य नसते. तिला कोणी अधिकारी पुरुषाने शेला घालून व्यासपीठावर बसविले, म्हणजे मग आम्ही मोकळेपणाने टाळ्या वाजवितो. तरुणपणी अंधाऱ्या चित्रगृहात ज्या गिटारने अंगावर काटा आणला, तिच्याबद्दल चारचौघांत बोलावयास संकोच. तीच चाल काळे कोट घातलेल्या नव्वद माणसांनी वाजविली की ते 'संगीत' झाले! या वृत्तीने चालीचा मान होत नाही. आपल्या पहिल्या आनंदाची आपणच अप्रतिष्ठा करतो, आणि ज्याने तो आनंद दिला त्याच्याकडे पाठ फिरवितो. जो समाज आकारमानावरून योग्यता ठरवू लागतो, तो गाण्यापाशीच थांबत नाही, हेही आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आमचे मागणे थोडे आहे. पुनर्वादन असेल तर ते पुनर्वादन आहे, असे त्याच्या नावातच मोठ्या अक्षरांत लिहावे. चाल कोणाची, वाद्यमेळ कोणाचा आणि मुख्य वाद्य कोणी वाजविले, ही तिन्ही नावे एका ओळीत असावीत. आणि जे काम कायदा करू शकत नाही ते आईबापांनी करावे: मुलांना आधी मूळ ऐकवावे, मग हवे तर अंबारीची मिरवणूक दाखवावी. आमच्या त्या यजमानांकडे आम्ही पुन्हा जाणार आहो, आणि १९६२ सालचे ते ध्वनिमुद्रण बरोबर नेणार आहो. ते दोन मिनिटांहूनही लहान आहे. खोलीतला दिवा मंद करून त्यांनी ते एकदा ऐकावे, एवढीच आमची त्यांना विनंती राहील. हेराची ओळख पटावयास तेवढा वेळ पुरतो. आणि ओळख पटल्यावर त्याला हत्तीवर चढविण्याची इच्छा, आमची खात्री आहे, त्यांनाही उरणार नाही.